खत पिकाला द्या, विहिरीला नको: नागपूर जिल्ह्यातल्या कास्तकारांसाठी टप्प्याटप्प्याने

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यात पाण्याचा अहवाल हातात घेऊन येणारे लोक बहुतेक एकच विचारतात, "नायट्रेट जास्त आलंय, आता युरिया बंद करू का?" नायट्रेट म्हणजे नत्राचं (नायट्रोजनचं) पाण्यात विरघळलेलं रूप. प्रश्न प्रामाणिक असतो, पण घाईचा असतो. नायट्रेट कुठून आलं हे पाहायच्या आधीच उपाय ठरलेला असतो. मग कोणी एक वर्ष युरिया बंद करतो, पीक पिवळं पडतं, विहिरीचा आकडा जागचा हलत नाही आणि पुढच्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त गोण्या वावरात पडतात.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. आधी मोजायचं, मग स्रोत शोधायचा, मग नत्राचा हिशोब करायचा, मग वेळ आणि जागा ठरवायची आणि गावाचा नियम सगळ्यांत शेवटी करायचा. हे टप्पे स्वतःच्या विहिरीसाठी वापरा किंवा गावाच्या पिण्याच्या विहिरीसाठी, पण त्यांचा क्रम मोडू नका.

## टप्पा १: पाणी मोजा, वर्षातून दोनदा

एक नमुना मे महिन्यात, पावसाआधी घ्या. दुसरा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात. एकट्या मे महिन्याच्या आकड्यावरून पावसाने काय खाली वाहून नेलं हे कळत नाही. दोन्हींतला फरक पाहिला की बरंच उमगतं.

मोटार किमान दहा मिनिटं चालू द्या, मग पाणी भरा. पाइपात साचलेलं पाणी विहिरीचं खरं पाणी नसतं. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि झाकण लावा. बाटलीवर विहिरीचं नाव, तारीख आणि पाण्याची पातळी लिहा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. गावच्या जलसुरक्षकाकडे किंवा जलजीवन मिशनमध्ये शिकवलेल्या महिलांकडे चाचणी संच असेल तर पहिली चाळणी गावातच करता येते. संचात रंग गडद आला तर मात्र प्रयोगशाळेचा आकडा हवाच.

तपासा: अहवालात "नायट्रेट" लिहिलंय की "नायट्रेट-नायट्रोजन"? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, ती नायट्रेटची. तेच पाणी नायट्रोजनच्या हिशोबात सुमारे १० दाखवतं. नायट्रेट-नायट्रोजनचा आकडा ४.४३ ने गुणला की नायट्रेट मिळतं. "आमचं फक्त १८ आलं, मर्यादेच्या आत आहे" असं समाधानाने सांगणारे भेटतात. ते १८ नायट्रोजनचं असेल तर नायट्रेट जवळपास ८० झालं.

सावध: आकडा ४५ च्या वर असेल तर शेतीचा विचार नंतर करा, आधी घरातलं तान्हं बाळ पाहा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला या पाण्यात कालवलेलं दूध देऊ नका. नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि ओठ-नखं निळसर पडतात. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. तुरटी आणि ब्लीचिंग पावडर यांचाही त्यावर उपयोग नाही. आरओ मशीनने ते बरंच कमी होतं, पण मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तेच नायट्रेट दाट झालेलं असतं. ते पाणी विहिरीजवळ सोडू नका.

## टप्पा २: नायट्रेट कुठून आलं ते शोधा

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात. विहिरीत नायट्रेट येण्याच्या वाटा तीन आहेत: वावरातलं खत, गोठा आणि उकिरडा, आणि शौचालयाचे शोषखड्डे. उपाय तिन्हींचे वेगळे.

एक दिवस काढून विहिरीभोवती चक्कर मारा. कागदावर विहीर मध्ये काढा, उतार बाणाने दाखवा आणि शोषखड्डे, गोठे, उकिरडे, नाला, ओलिताची वावरं मांडा. दर ठिकाणाचं विहिरीपासूनचं अंतर पावलांनी मोजा. त्याच पाण्याची जिवाणूंची आणि क्लोराइडची तपासणीही करून घ्या. जिवाणू आणि क्लोराइड दोन्ही जास्त असतील तर संशय शौचालय किंवा गोठ्याकडे जातो. गावठाणातली विहीर खराब आणि वावरातल्या विहिरी बऱ्या असतील, तर युरिया कमी करून गावठाणातल्या विहिरीला काहीच फरक पडणार नाही. याउलट संत्र्याच्या बागांमधल्या चार-पाच विहिरी सारख्याच वर असतील आणि गावातली कमी असेल, तर शोध खताकडे वळवा.

शोषखड्डा आणि विहीर यांच्यात १० मीटर अंतर हे किमान समजावं. आपल्याकडे पश्चिमेच्या तालुक्यांत वरची माती पातळ आणि तिच्याखाली मुरूम, भेगाळलेला काळा खडक असतो. अशा जमिनीत घाण गाळली न जाता भेगांतून थेट वाहते, म्हणून अंतर जितकं वाढवता येईल तितकं वाढवा.

## टप्पा ३: मातीचा नमुना

इथे थोडक्यात सांगतो, कारण पद्धत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. एका प्रकारच्या जमिनीतून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करा आणि त्याच्या कडेची पातळ माती घ्या. सगळी मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत तेच करा. धुऱ्याजवळची, उकिरड्याच्या जागेची, झाडाच्या बुंध्याजवळची आणि नुकतंच खत दिलेल्या जागेची माती घेऊ नका. हलकी बरड आणि भारी काळी यांचा नमुना एकत्र केला तर मृदा आरोग्य पत्रिकेवरचा आकडा दोन्ही वावरांसाठी खोटा ठरतो. संत्र्याच्या बागेत पानांची तपासणीही करून घ्या. झाडाने प्रत्यक्षात किती घेतलं हे पानांवरून कळतं, मातीवरून तितकंसं कळत नाही.

## टप्पा ४: नत्राचा हिशोब मांडा

कास्तकाराचा पैसा सगळ्यांत जास्त इथेच वाचतो.

४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र असतं, आणि हे नऊ किलो बहुतेक जण विसरतात, कारण डीएपी "स्फुरदासाठी" (फॉस्फरससाठी) टाकलेलं असतं. शेणखतातलंही कोणी धरत नाही. आणि विहिरीच्या पाण्यातलं तर कोणाच्या मनातच येत नाही.

विहिरीचं पाणी ओलिताला वापरता तेव्हा त्यातलं नायट्रेट पिकाला खतच असतं. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर. नायट्रेट लिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर या एका इंचासोबत २.३ किलो नत्र वावरात येतं. हंगामात दहा इंच दिले की २३ किलो, म्हणजे एका गोणीहून थोडं जास्तच. आधी आपणच विहिरीत घातलेलं खत आपण पुन्हा वर काढतो आणि त्यावर पुन्हा विकतचं टाकतो.

किती इंच दिलं हे कसं कळणार? २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. ४० सेकंद लागले तर तासाला १८ हजार लिटर, म्हणजे एका एकरावर एक इंच पाणी द्यायला पावणेसहा तास.

आता एक उदाहरण. संत्र्याचं एक एकर, ११० झाडं. समजा शिफारस झाडाला ६०० ग्रॅम नत्राची आहे (तुमच्या बागेसाठीचा आकडा मृदा आरोग्य पत्रिका, कृषी विद्यापीठ किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडून घ्या). एकराची गरज ६६ किलो झाली. वजाबाकी अशी:

- शेणखत झाडाला ४० किलो. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तर २०० ग्रॅम. त्यातलं साधारण एक तृतीयांश यंदा लागू पडेल असं धरा. एकराला सुमारे ७ किलो.
- विहिरीच्या पाण्यातून २३ किलो. सगळं मुळांना मिळेलच असं नाही, म्हणून निम्मंच धरा: ११ किलो.
- डीएपीची एक गोणी: ९ किलो.

उरले ३९ किलो, म्हणजे युरियाच्या दोन गोण्यांनाही थोडं कमी. हिशोब न करता ६६ किलो पुरे युरियातूनच भागवायचे ठरवले तर सव्वातीन गोण्या लागतात, आणि डीएपी वर वेगळी पडते. हे जास्तीचं सव्वा गोणी युरिया झाड घेत नाही. ते खाली उतरतं.

तपासा: सोयाबीन स्वतःच्या मुळांच्या गाठींतून हवेतलं नत्र घेतं. पेरणीच्या वेळच्या शिफारशीनंतर त्याला वरून युरिया टाकायची सवय लागली असेल तर ती आधी सोडा. झाड हिरवंगार दिसतं, पण म्हणून शेंगा वाढत नाहीत.

## टप्पा ५: वेळ, जिथे सर्वांत मोठी चूक होते

एकच टप्पा नीट करायला सवड असेल तर हा करा.

आपली भारी काळी माती उन्हाळ्यात हाताचं बोट, काही ठिकाणी आख्खा पंजा जाईल इतकी भेगाळते. मृगाच्या आधी युरिया फोकून "पहिल्या पावसात मुरेल" असं म्हणणारा कास्तकार दर गावात आहे. पहिला जोराचा पाऊस पडतो तेव्हा भेगा बुजलेल्या नसतात. पाणी मातीत मुरत नाही, भेगांतून सरळ खाली जातं. युरिया पाण्यात लगेच विरघळतो आणि मातीला चिकटायच्या आत त्या पाण्यासोबत खाली निघून जातो. तेव्हा पिकाची मुळंच नसतात, मग ते खत घेणार कोण?

म्हणून:

पहिला पाऊस खताविना जाऊ द्या. भेगा बुजल्या आणि वखरणी झाली की मगच नत्र. पेरणीच्या वेळी कपाशीला नत्राचा लहान हप्ता पुरतो. बाकीचं सुमारे तिसाव्या आणि साठाव्या दिवशी, डवरणीच्या (ओळींमधल्या कोळपणीच्या) आधी, म्हणजे डवऱ्याने ते मातीत मिसळलं जातं. वर उघडं पडलेल्या युरियातलं नत्र आपल्या चुनखडीच्या जमिनीतून वायू होऊन उडतं, म्हणजे विहिरीत गेलं नाही तरी पिकालाही मिळत नाही.

पुढच्या दोन दिवसांत जोराचा पाऊस असेल तर थांबा. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि मेघदूत ॲपवर मराठीत वाचता येतो. सल्ला पाहूनच मजूर सांगा. मजूर सांगून झाल्यावर इशारा आला तरी खताची गोणी फोडू नका, त्या दिवशी निंदणाचं काम घ्या. मजुरी वाया गेल्यासारखी वाटते, पण खतासकट वाया गेली तर नुकसान दुप्पट.

वावर चिबडलेलं असताना नत्र टाकू नका. पिवळी पऱ्हाटी (कपाशी) पाहून मन राहवत नाही, मला माहीत आहे. पण मुळं गुदमरलेली असताना ती काही उचलत नाहीत. आधी पाणी काढा, वाफसा येऊ द्या, मग द्या.

बागेत हप्ते करा. आंबिया बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी तोडणं) संपवताना सगळं नत्र आळ्यात ओतून पाट सोडणं ही जुनी रीत आहे. ठिबक असेल तर तेच नत्र आठवड्याच्या लहान हप्त्यांत द्या. ठिबक नसेल तर निदान तीन वेळा विभागा आणि भर पावसाचे आठवडे मोकळे सोडा.

मौदा, रामटेक, पारशिवनीकडच्या धानवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. युरिया देण्याआधी बांधीतलं पाणी कमी करा, युरिया द्या, मग पाणी भरा आणि पुढचे काही दिवस बांधी फोडू नका. भरल्या बांधीत युरिया टाकून दुसऱ्याच दिवशी पाणी सोडलं तर खत नाल्याला मिळतं.

## टप्पा ६: जागा

खत झाडाच्या बुंध्याशी नको. खाणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात. तिथे उथळ चर काढून टाका आणि मातीने झाका.

नाल्याच्या किंवा तळ्याच्या काठापासून पाच ते दहा मीटर पट्टा खताविना ठेवा आणि त्यावर मारवेल, पवना असं गवत वाढू द्या. नायट्रेट पाण्यासोबत खाली जातं, पण स्फुरद मातीच्या कणांना धरून वाहतं. गवताच्या पट्ट्यात माती अडली की स्फुरदही अडतं. तळ्यात जलपर्णी आणि शेवाळ माजायला हाच स्फुरद पुरतो. हा पट्टा वाया जात नाही, त्याचा चारा होतो.

विहिरीभोवती ३० मीटरच्या आत गोण्या ठेवू नका, खत कालवू नका, फवारणीचे पंप धुऊ नका, उकिरडा करू नका. पावसाचं पाणी विहिरीत वाहून येऊ नये म्हणून कठडा आणि बाहेर उतरता ओटा हवा.

सावध, ठिबकवाल्यांनो: खताची टाकी विहिरीवरच्या पंपाला जोडलेली असते. खत सोडताना मध्येच लाइट गेली की पाइपातलं पाणी उलटं विहिरीत ओढलं जातं आणि टाकीतलं युरियाचं द्रावण त्याच्यासोबत आत जातं. हे माझ्या स्वतःच्या विहिरीत झालं आहे. अर्ध्या रात्रीची लाइट, मी घरी, आणि सकाळी टाकी रिकामी. पिण्याचं पाणी आठवडाभर शेजारून आणावं लागलं आणि विहीर उपसून ते पाणी उसाच्या बांधात सोडावं लागलं. तेव्हापासून पंप आणि टाकीच्या मध्ये उलट पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह आहे, आणि खत सोडताना मी तिथेच थांबतो. व्हॉल्व्ह बसवल्यावर पंप मुद्दाम मध्येच बंद करून पाहा. टाकीतली पातळी खाली गेली तर व्हॉल्व्ह धरत नाही, लगेच बदला.

## टप्पा ७: गोठा आणि उकिरडा

शेणखत नैसर्गिक म्हणून निर्धोक, हा समज सोडा. नायट्रेट शेणातून आलं काय आणि गोणीतून आलं काय, विहिरीत गेल्यावर ते सारखंच.

उकिरडा विहिरीपासून खालच्या उताराच्या बाजूला, पण उंचवट्यावर हवा, खोलगट खड्ड्यात नको. पावसात त्यातून निघणारं काळं पाणी दिसतं ना, ते तुमचं सर्वांत चांगलं खत वाहून चाललेलं असतं. खाली चोपलेल्या मातीचा किंवा फरशीचा थर द्या आणि पावसाळ्यात ताडपत्री घाला. जागा असेल तर दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं जमिनीच्या वर बांधलेलं नाडेप टाकं सर्वांत चांगलं. गोठ्यातलं मूत्र नाल्यात न सोडता एका छोट्या टाक्यात गोळा करा, पाणी घालून पिकाला द्या.

वावरात शेणखताचे ढीग टाकून महिनाभर तसेच ठेवण्याची पद्धत आहे. पाऊस आला की दर ढिगाखाली नायट्रेटचा एक डाग तयार होतो. ज्या दिवशी ढीग टाकाल त्याच आठवड्यात पसरा आणि वखराने मिसळा.

## टप्पा ८: गावाचा नियम

वावरात किती नत्र घालायचं यावर आपल्याकडे कायद्याचं थेट बंधन नाही. खत नियंत्रण आदेश खताचा दर्जा आणि विक्री पाहतो, वापर नाही. युरोपात १९९१ पासून नायट्रेटसाठी वेगळा नियम आहे. त्यात शेणखतातून हेक्टरी १७० किलोपेक्षा जास्त नत्र द्यायचं नाही, काही महिने खत बंद, पाण्यापासून अंतर, असं सगळं ठरवून दिलेलं आहे. आपल्याला ते जसंच्या तसं चालणार नाही, पण "किती, कधी, कुठे" हे तीन प्रश्न तेच आहेत. पिण्याच्या स्रोताच्या रक्षणासाठी महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ आहे, आणि ग्रामसभेचा ठराव हे तुमच्या हातातलं साधन.

क्रम असा ठेवा. आधी पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीने गावातल्या सगळ्या विहिरींचे आकडे आणि टप्पा २ चा नकाशा तयार करावा. मग ज्यांची वावरं पिण्याच्या विहिरीच्या वरच्या उताराला आहेत, त्यांच्या घरी जाऊन बोलावं, चारचौघांत नव्हे. ग्रामसभेत एखाद्याचं नाव घेऊन "याच्यामुळे पाणी खराब झालं" म्हटलं की तो माणूस कायमचा दुरावतो आणि नियम तिथेच मोडतो. त्यानंतर १ मेच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा, म्हणजे खरिपाच्या आधी सगळ्यांना कळतो.

ठरावात चार-पाचच गोष्टी ठेवा, ज्या डोळ्यांनी दिसतात: विहिरीभोवतीचं खतमुक्त वर्तुळ, नाल्याकाठचा गवताचा पट्टा, पहिल्या पावसाआधी युरिया नाही, ठिबकच्या टाकीला व्हॉल्व्ह, उकिरड्याला आच्छादन. "रासायनिक खत कमी वापरावे" असं वाक्य लिहू नका, ते पाळलं की नाही हे कोणी सांगू शकत नाही. दंडही पहिल्या वर्षी नको. त्याऐवजी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर विहिरीचा मे आणि नोव्हेंबरचा आकडा लिहा. ज्याची जमीन वर्तुळात येते त्याचं नुकसान होतं हे मान्य करा आणि त्याला गवताचं बियाणं, व्हॉल्व्ह किंवा माती तपासणीचा खर्च गावाने द्यावा.

## टप्पा ९: पुन्हा मोजा, पण घाई नको

उथळ विहीर लवकर बदलते, खोल बोअर सावकाश. मातीत आणि खडकाच्या भेगांत आधीच उतरलेलं नायट्रेट पुढची काही वर्षं थोडं थोडं येत राहतं. पहिल्या वर्षी आकडा वाढलासुद्धा तरी घाबरून सगळं सोडू नका. त्या वर्षी पाऊस किती झाला, पाण्याची पातळी किती होती हे शेजारी लिहून ठेवलं असेल तर कारण सापडतं. किमान तीन वर्षांचे सहा आकडे एकाखाली एक मांडा, मगच बोला.

वहीत प्रत्येक वावरासाठी एक पान ठेवा: तारीख, खत, किती गोण्या, त्या दिवशी जमीन कोरडी की ओली, नंतरच्या दोन दिवसांत पाऊस आला का. नोव्हेंबरचा अहवाल आला की तो त्याच पानावर चिकटवा. आणि विहिरीजवळ काही बांधकाम झालं, नवा शोषखड्डा आला किंवा शेजाऱ्याने गोठा हलवला, तर नकाशा त्याच दिवशी दुरुस्त करा.